माझी पोरगी बैल झाली तेव्हा

शाळेच्या बसमधनं उतरल्या उतरल्या थोरलीनं दप्तर माझ्या अंगावर टाकलं आणि ओरडली, "मम्मा, आय ॲम द बुल!" मला आधी वाटलं, हिला कुणीतरी बैल म्हणून चिडवलं, आता शाळेत जावं लागणार, टीचरशी बोलावं लागणार, आणि मी आत्ताच येस मॅम घोळवायला लागले. शाळेतनं फोन आला तरी माझं असंच होतं. नुसतं येस मॅम, येस मॅम करते आणि फोन ठेवल्यावर कळतं, कशाला येस म्हटलं तेच माहीत नाही. पण ही तर हसत होती. कडेवरच्या बाळाचे पाय ओढत तिनं सांगितलं, शाळेत इंटरनॅशनल डे आहे, एकेका वर्गाला एकेक देश दिलाय, यांच्या तिसरीला स्पेन आलाय, आणि स्पेनमधल्या एका लई फेमस बैलांच्या रिंगणाचं नाटक स्टेजवर करायचंय. आणि त्यातला बैल ही आहे.

खोटं कशाला सांगू, माझा ऊर भरून आला.

कारण असं, की आम्ही आधी शारजात होतो, इंडस्ट्रियल एरियाच्या कडेला एका खोलीत. मग यांना अबुधाबीजवळ मुसफ्फामध्ये अल्युमिनियमच्या खिडक्यांच्या कामावर फोरमन म्हणून घेतलं आणि आम्ही मोहम्मद बिन झायद सिटीत आलो, एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत. पोरीची शाळा वर्षाच्या मध्येच बदलली. तेव्हापासनं डबा तसाच्या तसा परत. विचारलं की, "नॉट हंग्री." मग एकदा बसमधली नॅनी, केरळची बाई, हळूच मला म्हणाली, "बच्ची रिसेस में अकेली बैठती है." झालं. त्या दिवसापासनं बस आली की मी आधी डबा उघडून बघायला लागले. मला काय करता येणार होतं? मी नववी शिकलेली, इंग्रजीला घाबरून शाळा सोडलेली, मी काय त्या पोरींना जाऊन सांगणार, की बायांनो माझ्या लेकीला खेळायला घ्या? आणि आता त्याच वर्गानं तिला बैल केलं होतं!

आमचं गाव सांगलीकडचं. दादा, म्हणजे माझे वडील, बैलगाडीनं कारखान्याला ऊस घालायचे. आमच्याकडं बेंदराएवढा सण नाही. आदल्या दिवशी खांदेमळणी, म्हणजे जू ओढून ओढून जिथं बैलाला घट्टा पडतो, त्या खांद्याला हळद आणि तूप चोळायचं. दुसऱ्या दिवशी अंघोळ, शिंगांना रंग, रंगावर चमकणारं बेगड, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल. पोळी आधी बैलाला, मग माणसाला. त्या दिवशी सरपंच जरी आडवा आला तरी बैलाला वाट द्यायला बाजूला व्हायचा. मग मला सांगा, माझ्या लेकीला बैल केलं म्हटल्यावर मी काय समजावं? मला वाटलं, वर्गातली सगळ्यात मानाची जागा हिला मिळाली. स्पेन कुठं आहे तेसुद्धा मला धड माहीत नव्हतं. तिथं फुटबॉल खेळतात एवढं यांच्या टीव्हीमुळं कळलेलं.

मी कामाला लागले. लग्नातला जांभळा शालू काढला, फाटलाच होता काठाला, त्याची झूल केली, कडेला आरसे टाचले. पुठ्ठ्याची शिंगं करून वर चॉकलेटांचे सोनेरी कागद चिकटवले. लोकरीचे गोंडे केले, कापडाचे कान, कपाळाला बाशिंग. हे कामावरनं आले आणि दारातच उभे राहिले.

"अगं, हे काय? लगीन कुणाचंय?"

"बैल आहे तो."

"स्पेनचा बैल गं. कोल्हापूरचा नाही."

"बैल तो बैल. तिथं काय वेगळा असतो का?"

हे काहीतरी बोलणार होते, पण फोन वाजला आणि बाहेर गेले. मी नंतर विचारलं, तुम्हाला माहीत होतं का पुढं काय करतात ते? तर म्हणाले, मला वाटलं तुला माहीत असंल, सगळ्या जगाला माहितीये. घ्या! सगळ्या जगाला माहितीये आणि सगळं जग गप बसलंय, आणि त्यात आमचे हे.

दादांना व्हिडिओ कॉल लावला. पोरीला शिंगं-झूल घालून समोर उभी केली. दादांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला.

"वशिंड कुठाय?" म्हणाले.

"काय?"

"वशिंड गं. बिनवशिंडाचा बैल असतो का? रेडकू दिसतंय."

खरंच की. मग मी उशीतला कापूस काढून शालूखाली पाठीवर चांगलं भरदार वशिंड शिवलं. पोरगी आरशात बघून म्हणाली, "इट्स टू बिग, मम्मा." मी म्हटलं, गप, मोठं वशिंड म्हणजे तालेवार बैल.

प्रॅक्टिस खलिफा सिटीत होती, क्लास मॉमच्या व्हिलावर. क्लास मॉम म्हणजे वर्गातल्या सगळ्या आयांची पुढारी, दिल्लीकडची बाई, ग्रुपवर दिवसाला शंभर मेसेज टाकणारी. तिची पोरगी मॅटाडोर होती, म्हणजे बैलाशी लढणारी. ती वर्गातली राणी. ती जिच्याशी बोलेल तिच्याशी सगळ्या बोलणार, असा त्यांचा कायदा. आमच्या पोरीच्या तोंडात आठवडाभर तिचंच नाव होतं. आम्हाला यांनी कंपनीच्या व्हॅनमधनं गेटवर सोडलं आणि "यल्ला, उशीर होतोय" करत निघून गेले. मी बाळाला घेऊन आत गेले, चपला कुठं काढायच्या तेच कळंना, तिथं दारात आपल्या खोलीएवढा नुसता गालिचा.

पोरीला तयार करून उभी केली आणि सगळ्या पोरी एकदम ओरडल्या, "कॅमल! शी इज अ कॅमल!"

आणि खिदळायला लागल्या. क्लास मॉमसुद्धा हसली. "भाभी, कितना सुंदर बनाया है, लेकिन ये हंप क्यों? स्पॅनिश बुल की पीठ सीधी होती है." म्हणजे तिकडच्या बैलाला वशिंडच नसतं! मला काय माहीत? जन्मात मी बिनवशिंडाचा बैल बघितला नव्हता. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं जमीन फाटावी आणि त्या गालिच्यासकट मी आत जावं. पण मॅटाडोर पोरगी आली, वशिंड दाबून बघितलं, म्हणाली, "इट्स सॉफ्ट. वी कॅन पुट द स्टिक्स हिअर!" आणि माझी पोरगी हसली. मीपण हसले. काय स्टिक्स, कशाच्या स्टिक्स, मी विचारलंसुद्धा नाही.

मग क्लास मॉम म्हणाली, "और भाभी, कान में वेल्क्रो लगा दीजिए. बाद में काटने हैं ना."

"काय काटने?"

"कान. लास्ट में मॅटाडोर को बुल के कान मिलते हैं. प्राइज."

मी पुढं विचारणार होते. तोवर सुरू झालं होतं. पिवळी चादर अंथरलेली, ती म्हणे वाळू. भोवतीनं पोरी गोल, "ओले! ओले!" ओरडतायत, म्हणजे तिकडचं शाब्बास. आधी एक पोरगी झाडूचा घोडा करून आली आणि काठीनं माझ्या पोरीच्या मानेला ढोसलं. मग दोघी आल्या आणि रंगीत कागद लावलेल्या काड्या एकेक करून वशिंडात खुपसल्या. दादांनी सांगितलेल्या वशिंडात. मग ती राणी आली, सोनेरी जाकीट, लाल कापड, फॉइल गुंडाळलेली तलवार. पोरगी धावली, वळली, परत धावली, आणि तलवार खांद्यांच्या मधोमध. माझी पोरगी गुडघ्यावर आली, मग आडवी झाली. डोळे वर केले, जीभ बाहेर काढली, एक पाय झाडला, आणि थांबली.

टाळ्या.

मी कशी उठले मला माहीत नाही. ही पोरगी दोन वर्षांची असताना गावाकडं ताप डोक्यात जाऊन तिला झटके आले होते. असंच. अगदी असेच डोळे, असाच पाय. अंगणात आडवी पडलेली आणि मी हाक मारतीये आणि ती ऐकत नाही. डॉक्टर म्हणाले लहान पोरांना होतं, मोठेपणी जातं, गेलंही. तिला त्यातलं काही आठवत नाही. मला मात्र ती झोपलेली असली आणि हात लोंबला तरी जाऊन नाकाखाली बोट धरावं लागतं. आणि इथं बारा पोरी तिला मारून टाळ्या वाजवत होत्या, आणि मग पायाला धरून चादरीवरनं ओढत दाराकडं नेत होत्या, हसत. मी "अगं, अगं" करत पुढं झाले, बाळ रडायला लागलं.

"अरे भाभी, ॲक्टिंग है!" क्लास मॉम म्हणाली. "रिलॅक्स. इट्स देअर कल्चर."

कल्चर! मी तो शब्द तेव्हापासनं ऐकला की माझं डोकं सणकतं. इथं आल्यापासनं ज्याला त्याला कल्चर. आपण हळद लावली की अंधश्रद्धा आणि त्यांनी तलवार खुपसली की कल्चर.

प्रॅक्टिस संपली, घरी आलो. आल्यावर म्हटलं, तू बैल व्हायचं नाही. पोरगी किंचाळली, "यू स्पॉइल एव्हरीथिंग!" आणि बाथरूमला कडी लावून बसली. हे म्हणाले, अगं नाटक आहे, काय एवढं. मग त्यांनी जेवता जेवता फोनवर त्या रिंगणाचं वाचून दाखवलं, आणि पोरगी बाथरूमच्या दाराआडनं चुका काढत होती, कारण तिला सगळं पाठ होतं. तसं मला ते सगळं कळलं, अर्धं फोनमधनं आणि अर्धं बाथरूममधनं.

तर ते गाव रोंडा. डोंगरावरचं, मधोमध खोल दरी. तिथं हे दगडाचं रिंगण, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं, जगातल्या जुन्यातलं जुनं. मधे गोल वाळू, भोवतीनं कमानी आणि दगडी खांब, दोन मजले बसायला, आणि त्यावर छप्पर. म्हणजे बघणाऱ्याला सावली आणि मरणाऱ्याला ऊन. केवढा विचार केलाय बघा! आधी तिथले सरदार लोक घोड्यावर बसायला शिकायचे आणि शिकता शिकता बैलांना भाले मारायचे. काय ती मर्दुमकी, घोड्यावर बसून, लांबनं. मग तिथल्याच एका घराण्यानं, आजोबानं आणि बापानं आणि नातवानं, खाली उतरून पायी मारायची रीत बसवली, हातात कापड आणि तलवार घेऊन, आणि तेव्हापासनं ती कला झाली. नातवानं म्हणे हजारो बैल मारले आणि स्वतःला खरचटलंसुद्धा नाही.

"खरचटेल कसं?" मी म्हटलं. "आधी घोडेवाला मानेत भाला घालतो, मग काड्यावाले खांदे फोडतात, मान वर करायची ताकद राहत नाही, मग हा येतो चमकी लावून. तोवर कुठं होता?"

"दॅट्स द आर्ट, मम्मा," बाथरूममधनं आवाज.

"आणि लाल कापड कशाला?"

"बुल्स कान्ट सी रेड," बाथरूम म्हणालं. "इट्स फॉर द ऑडियन्स. टु हाइड द ब्लड."

ऐकलं का? बैलाला लाल दिसत नाही. रक्त दिसून बघणाऱ्यांना कसंतरी होऊ नये म्हणून कापड लाल. म्हणजे त्यांनासुद्धा माहितीये. आतल्या आत माहितीये की हे काय आहे, म्हणून तर झाकलं. मला घाण करणाऱ्या माणसापेक्षा घाण झाकून वर अत्तर मारणाऱ्याचा जास्त राग येतो. राजे यायचे म्हणे बघायला. चित्रं काढली, गाणी केली. आता वर्षातनं थोडेच दिवस खेळ होतो, जुन्या काळचे रेशमी कपडे घालून, आणि बाकीचे दिवस माणसं तिकीट काढून ती रिकामी वाळू बघतात आणि मधे उभं राहून फोटो काढतात. म्युझियमपण आहे. कशाचं, तर त्या कपड्यांचं. बैलाचं काय ठेवलंय, तर भिंतीला लावलेलं डोकं.

आणि तलवार कुठं? तर खांद्यांच्या मधोमध, जिथं आपण जू ठेवतो तिथंच जरा मागं. जिथं माझी आई वाटीतनं हळद-तूप घेऊन चोळायची. जगातल्या एवढ्या जागा सोडून यांना तीच सापडली.

हे हात धूत म्हणाले, "तुझे दादा काय बैलाला वर्षभर ओवाळत होते का? आसूड कशाला टांगला होता मग खुंटीला?"

"मारायचे," मी म्हटलं. "शिव्यापण घालायचे. म्हातारा झाल्यावर बाजारात पण नेला. पण मारताना टाळ्या नाही वाजवल्या कुणी. तिकीट नाही लावलं. आणि घोड्याच्या शाळेतनं शिकून आलोय असं नाही सांगितलं गावभर."

यांनी हात पुसले. मग परत फोन वर-खाली करत म्हणाले, "हे बघ, सोडतात पण. एखादा बैल लई चांगला लढला, तर लोक पांढरे रुमाल हलवतात, आणि वर बसलेला प्रमुख नारंगी रुमाल दाखवतो. मग त्याला मारायचं नाही. परत शेतावर पाठवतात, जखमा धुऊन, जन्मभर चरायला."

मी म्हटलं, वाचा परत. त्यांनी परत वाचलं. बाथरूमच्या दाराची कडी निघाली आणि पोरगी बाहेर आली. तिला हे पाठ नव्हतं. टीचरनं दिलेल्यात हे नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. एकटी, बाळाला घेऊन. गेटवरच्या सिक्युरिटीनं आयडी मागितला तर माझ्या हातातनं पर्सच खाली पडली, बाळाची दुपटी, बिस्किटं, सगळं लॉबीत. काय बोलायचं ते मी बसमधे पाठ केलं होतं: बुल नो डाय, पीपल शो रुमाल, बुल गो होम. टीचरच्या पुढं बसले आणि तेवढंच बोलले, तीन वेळा. टीचर भली होती, तिनं हसू दाबलं. हिंदी तिला येत होतं, मग मी हिंदीत सगळं सांगितलं, पांढरे रुमाल, नारंगी रुमाल, झटक्यांचंसुद्धा.

तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मम्मा, मैं समझती हूँ. पर स्क्रिप्ट अप्रूव हो गई है, मॅटाडोर की लाइन्स हैं, विनिंग का डान्स है. लेकिन कोई फोर्स नहीं है. आप बोलो तो बुल चेंज कर देंगे. दूसरी बच्ची रेडी है. आपकी बेटी ऑडियन्स में बैठ जाएगी."

ऑडियन्समध्ये. म्हणजे गोलात, "ओले" ओरडायला.

"कल बता देना," ती म्हणाली.

मला वाटलं झालं, खलास, सुटलो. घरी जाऊन पोरीला गोडीत सांगितलं, की तुला गोलात घेतायत, मस्त स्कर्ट शिवते तुला, लाल, झालरीचा. ती रडली नाही. रडली असती तर बरं. भिंतीकडं तोंड करून पडली. मी तिच्या पाठीला हात लावला आणि मराठीत विचारलं, का गं तुला मरायचं एवढं वेड लागलंय?

इथं आल्यापासनं ती पहिल्यांदाच मराठीत बोलली. मराठी तिचं मोडकंतोडकं.

"मी मरते ना, तेव्हा सगळे येतात," म्हणाली. "सगळे मला धरतात. हात पण, पाय पण. सर्कलमध्ये कोण धरणार? सर्कलमध्ये मी लास्टला उभी असणार."

मला त्या रिंगणाचा, त्या खांबांचा, त्या क्लास मॉमचा, टीचरचा, सगळ्यांचा भयंकर संताप आला, आणि मी त्याच संतापात वेल्क्रो घेऊन कान शिवायला बसले. माझ्या हातानं. काढायचे कान. टीचरला मेसेज केला, ओके मॅम, सेम बुल.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च. एसी एवढा की बाळाला टोपी घातली. आया काय नटून आल्या होत्या, कुणी स्पेनचा पंखा घेऊन, कुणी केसात लाल फूल खोचून. काय कळत होतं त्यांना, काय माहीत होतं? कुणालाच काही माहीत करून घ्यायचं नव्हतं. जपान झालं, इजिप्त झालं, मग स्पेन. पडद्यावर रोंडाच्या रिंगणाचा मोठा फोटो आला, पिवळी वाळू, कमानी, आणि एक पोरगी माइकवर इंग्रजीत सांगायला लागली, किती जुनं, किती सुंदर, कसे लांबनं लांबनं लोक बघायला येतात. आणि मग माझी पोरगी आली. जांभळी झूल, आरसे चमकतायत, सोनेरी शिंगं, बाशिंग, आणि वशिंड. वशिंड तिनं काढू दिलं नव्हतं. हॉलमध्ये कुणीतरी हसलं, कुणीतरी "सो क्यूट" म्हणालं. ती स्टेजभर अशी पळाली, अशी डोकं हलवत पळाली, की एवढं मी तिला कधी पळताना बघितलं नव्हतं. हे मोबाईल धरून उभे होते आणि हसत होते.

भाला झाला. काड्या झाल्या. मॅटाडोर आली, ओले झालं, तलवार झाली. पोरगी पडली.

जीभ बाहेर काढली नाही या वेळी. नुसती पडली, एक हात वाकडा अंगाखाली. कान काढले, मॅटाडोरनं दोन्ही हातांत धरून दाखवले, नाचली. मग पोरींनी घाईघाईत हात-पाय धरायचं विसरून नुसती चादर ओढली. आणि चादर आली, पोरगी आली नाही. मधेच राहिली. शालू घसरला असंल. हॉल हसायला लागला. पोरी चादर घेऊन विंगेत गेल्या, परत यायचं की नाही त्यांना कळंना, आतनं टीचर खुणा करतीये, म्युझिक संपलं, आणि ती एवढ्या मोठ्या लाइटखाली एकटी, मेलेली. हलेना. तिला वाटत होतं, येतील. आता येतील, हात-पाय धरतील. ती तशीच थांबली. कुणी येईना. हॉलमधलं हसणं पण थांबलं आणि नुसता एसीचा आवाज.

मला ती आमच्या गावच्या अंगणातली दिसली. मी उभी राहिले, बाळ काखेत, आणि माझ्या तोंडातनं जो आवाज निघाला तो मी ओढ्यापलीकडं गेलेल्या जनावराला हाक मारायचे तसला निघाला.

"उठ! अगं ए, उठ की! उठ म्हणते ना!"

सगळा हॉल मागं वळला. हे म्हणाले, "अगं बाई." आणि स्टेजवर माझी पोरगी, रोज सकाळी बसच्या वेळेला उठते तशी, ताडकन उठून उभी राहिली. शिंग एक तिरकं, कान नाहीत. डोळे चोळले. आणि एवढ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, त्यांना वाटलं असंच आहे नाटकात. मॅटाडोर विंगेतनं धावत आली आणि काय करावं न कळून तिनं कान परत चिकटवले. वेल्क्रो चांगलं होतं.

मी खाली बसले. बाळाची टोपी सरळ केली. मला एवढंच कळत होतं, की मी पोरीचं सगळं घालवलं. आणि त्याचबरोबर, घाबरत घाबरत, एक विचार आला तो अजून जात नाही: तिकडं त्या दगडी रिंगणात इतकी वर्षं इतकी माणसं सावलीत बसली, शिकलेली, राजे-राण्या, एकाला, एकाला तरी वाटलं नाही का ओरडावं?

व्हॅनमध्ये पोरगी खिडकीला चिकटून बसली. हे हसून हसून लाल झालेले, "सांगलीची बाई, सगळ्या अबुधाबीला उठवलंस." मी म्हटलं, गप्प बसा. पोरगी खिडकीतनं बाहेर बघत फक्त म्हणाली, "दे वेअर लाफिंग." मी म्हटलं, माझ्यावर गं. तुझ्यावर नाही. तिनं शिंगं काढून मांडीवर घेतली. क्लास मॉमनं ग्रुपवर फोटो टाकले, त्यात आमच्या पोरीचा उठलेला एकही नव्हता.

मग ओपन हाऊस आलं, म्हणजे पोरांची प्रगती सांगायला बोलावतात ते. मला जायचं नव्हतं. यांना सुट्टी नव्हती, मलाच जावं लागलं. कॉरिडॉरमध्ये बाळाला घेऊन भिंतीला टेकून उभी होते, कुणी बघू नये म्हणून. तर वर्गातल्या पोरी दारातनं बाहेर आल्या, माझी पोरगी त्यांच्या मधे, शेवटी नाही, मधे. मॅटाडोरनं मला बघितलं आणि फरशीवर धाडकन आडवी पडली, युनिफॉर्मसकट, डोळे मिटून. तिच्या शेजारी दुसरी पडली. तिसरी पडली.

मी घाबरले. "काय झालं यांना?"

"वी प्ले इट इन रिसेस," माझी पोरगी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "बट दे कान्ट शाउट प्रॉपरली. यू डू इट."

"इथं?"

"लाउड, मम्मा."

क्लास मॉम दुसऱ्या टोकानं टाचा वाजवत येत होती, "उठो, फ्लोर डर्टी है, क्या कर रहे हो!" पण कुणी हललं नाही, एकीनं तर हळूच एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं आणि परत मिटला. टीचर दारात आली. सिक्युरिटीवाला वळून बघत होता. मी बाळाला पोरीकडं दिलं, पदर खोचला, आणि ओरडले.